सह्याद्रीच्या दगडाचं वय: ६.५ कोटी की ६.६ कोटी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरून तुम्ही मुठीएवढा काळा दगड घरी आणलात. एका माहितीफलकावर त्याचं वय साडेसहा कोटी वर्षं होतं, अलीकडच्या एका लेखात ६.६ कोटी, आणि वडिलांच्या जुन्या पाठ्यपुस्तकात ‘सुमारे ३ ते ८ कोटी’. यातलं खरं कोणतं, हा दगड प्रयोगशाळेत देऊन वय काढता येईल का, आणि एवढा लाव्हा आला तर ज्वालामुखीचं तोंड कुठंच कसं दिसत नाही, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

तिन्ही आकडे आपापल्या काळी प्रामाणिकपणेच दिलेले आहेत. अडचण वेगळीच आहे. ‘दख्खनच्या पठाराचं वय किती’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. हा एक थर कधी थिजला? सगळे थर साचायला एकूण किती काळ लागला? आणि हा कडा, ही दरी कधी तयार झाली? तिसऱ्याचा तर दगडाच्या वयाशी थेट संबंधच नाही. कोकणकडा ज्या खडकात आहे तो ६.६ कोटी वर्षांचा, पण कड्याचा आकार नंतरच्या भूहालचालींनी आणि पावसापाण्याच्या झिजेनं आलेला. भिंतीतली वीट किती जुनी हे कळलं म्हणून भिंतीला खिडकी कधी पाडली ते कळत नाही. फलकांवर ‘सह्याद्रीचं वय’ असं लिहितात तेव्हा बहुतेकदा वीट आणि खिडकी एक केलेली असते.

संशोधनातला खरा वाद दुसऱ्या प्रश्नावर आहे: किती काळ लागला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग बेसाल्टनं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकानं, झाकलेला आहे आणि मुळात तो याहून बराच मोठा असणार. एवढा लाव्हा दोन कोटी वर्षांत पसरला असेल, तर मधल्या काळात जंगलं, तळी, प्राणी सगळं पुन्हा सावरू शकतं. तोच दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला असेल, तर हवेत गेलेल्या वायूंचा हिशेब पार बदलतो. म्हणून आम्ही भूशास्त्राचे लोक ६.५ की ६.६ यावर जेवढे भांडत नाही, तेवढे सुरुवात आणि शेवट यांतल्या अंतरावर भांडतो.

आता तुमचा दगड. तो हातोडीनं फोडून पाहिलात का? बाहेरची तपकिरी साल सोडा, आतला ताजा भाग उन्हात धरा आणि भिंगातून बघा. ताजा बेसाल्ट करडा-काळा असतो, फोडताना खणखणीत वाजतो आणि कडा धारदार निघतात. हातोडी ‘बद्द’ वाजली, आत हिरवट ठिपके दिसले, किंवा लहान पोकळ्यांमध्ये पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या दिसल्या, तर तो दगड शोकेससाठी उत्तम आणि वयासाठी निकामी. त्या पांढऱ्या खनिजांना आपण झिओलाइट म्हणतो. खडक थिजल्यावर त्यातून गरम पाणी फिरलं, त्याची ती खूण आहे. पाणी फिरलं की खडकातलं घड्याळ बिघडतं.

हे घड्याळ म्हणजे पोटॅशियम. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी ०.०११७ टक्के अणू किरणोत्सारी असतात, आणि त्यांचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं आहे. ६.६ कोटी वर्षांत त्यातले जेमतेम साडेतीन टक्के अणू फुटतात, आणि फुटलेल्यांपैकी दहा-अकरा टक्केच अरगॉन वायूत बदलतात. बाकीच्यांचं कॅल्शियम होतं. त्यात आपल्या बेसाल्टमध्ये मुळातच पोटॅशियम कमी. म्हणजे मोजायचा वायू चिमूटभरही नाही. वितळलेल्या लाव्ह्यातून जुना अरगॉन निघून जातो, थिजल्यावर नवा साठू लागतो, या गृहीतावर सगळा हिशेब उभा आहे. काचेसारखा थिजलेला भाग पुढे मातकट झाला की साठलेला अरगॉन गळतो आणि वय खरं असेल त्यापेक्षा कमी येतं. उलट, थिजताना थोडा जुना अरगॉन आतच अडकून राहिला तर वय जास्त येतं. पाठ्यपुस्तकातल्या ३ ते ८ कोटींचं मूळ मुख्यतः इथं आहे. लाव्हा पाच कोटी वर्षं वाहत होता असा त्याचा अर्थ नव्हता. कुठला नमुना गळका होता आणि कुठला नाही, हे ओळखायची सोय त्या पद्धतीत नव्हती.

यात मीही पोळलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घाटातून खालून वर तीन थरांचे नमुने गोळा केले. सगळ्यात खालचा कडा अवघड होता, म्हणून मी ओढ्यालगतचा सोयीचा तुकडा उचलला. निकाल आला तेव्हा खालचा थर वरच्यापेक्षा एक कोटी वर्षांहून तरुण! खाली पडलेला थर आधीचा, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. सरांनी त्या दगडाची पातळ काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि काही न बोलता खुर्चीवरून उठून मला बसायला जागा दिली. आत ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या जागी तपकिरी चोथा होता, आणि स्फटिकांच्या मधली काच हिरव्या मातीची झालेली. तेव्हापासून पट्टी पाहिल्याशिवाय एकही नमुना मी पुढे पाठवलेला नाही.

नंतरची सुधारणा म्हणजे अरगॉन-अरगॉन पद्धत. नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा करतात, त्यामुळे पोटॅशियमचा काही भाग अरगॉनच्याच दुसऱ्या समस्थानिकात, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूत, बदलतो. मग एकाच तुकड्यातून पोटॅशियम आणि त्याचं अपत्य दोन्ही वायूरूपात मोजता येतात. खरी गंमत टप्प्याटप्प्यानं तापवण्यात आहे. आधी सैल जागांमधला वायू निघतो, शेवटी स्फटिकाच्या गाभ्यातला. लागोपाठच्या टप्प्यांमध्ये सारखंच वय आलं तर विश्वास ठेवायचा. आलेख जिन्यासारखा चढत गेला तर नमुना गळका आहे हे तो स्वतःच सांगतो. त्यातही सगळा दगड न वापरता फक्त प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्वच्छ स्फटिक निवडले तर निकाल बराच सुधारतो. तुमच्या दगडात तांदळाच्या दाण्यासारखे किंवा त्याहून मोठे पांढरट, लांबट स्फटिक दिसत असतील तर ते हेच.

तुमच्या ६.५ आणि ६.६ मधला बराचसा फरक इथंच सापडतो. ही पद्धत तुलनेवर चालते: नमुन्याबरोबर भट्टीत माहीत वयाचा एक प्रमाण-स्फटिक ठेवावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या फिश कॅनियन इथले स्फटिक बरीच वर्षं वापरात आहेत. त्यांचं वय आधी सुमारे २.८०२ कोटी धरत. २००८ मध्ये ते सुधारून २.८२ कोटी केलं गेलं. आकड्यात फरक क्षुल्लक वाटतो, पण साडेसहा कोटींवर लावला की तो चार लाख वर्षांच्या पुढे जातो. म्हणजे दगड होता तिथंच राहिला, मोजपट्टी बदलली. जुन्या शोधनिबंधातलं वय नव्याशी ताडण्याआधी कुठला प्रमाण-स्फटिक, कुठलं वय धरून, हे बघायची सवय लावून घ्या. मी परीक्षक म्हणून वाचलेल्या प्रबंधांमध्ये ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता मी थेट पद्धतीच्या प्रकरणापासूनच वाचायला सुरुवात करतो.

पण काळाच्या अंतरावर पहिला घाव घातला तो किरणोत्साराने नव्हे, चुंबकत्वाने. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटतं. सह्याद्रीतल्या थरांच्या जाड भिंतीत बहुतांश भाग एकाच उलट्या कालखंडातला निघतो, आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडे दिशा पुन्हा सुलट होते. फ्रान्सच्या कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या आधारावर मांडलं की मुख्य उद्रेक फार थोड्या काळात आटोपला असणार. हा उलटा कालखंड म्हणजे डायनोसॉर ज्या सीमेवर नाहीसे झाले ती सीमा ज्यात येते तोच. याच चुंबकीय नोंदींवरून आणखी एक गोष्ट कळते: हे थर थिजले तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला गाडीनं जाताना तुम्ही थरांच्या एका पुस्तकातूनच वर चढत असता. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं आमच्याकडे रस्त्यावरच्या ठिकाणांबरोबर खडकांच्या स्तरगटांचीही आहेत. तुमचा हरिश्चंद्रगड याच्या बराच खालच्या, कळसूबाई उपगटाच्या भागातला आहे. अशा घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. कुठं वीतभर, कुठं कमरेएवढा. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. एक लाव्हा थिजला, दुसरा येईपर्यंत त्याचा माथा कुजून माती झाली, मग वरून आलेल्या लाव्ह्यानं ती भाजून निघाली. म्हणजे हा पट्टा दोन उद्रेकांमधल्या शांततेचा पुरावा आहे. कितीतरी वर्षं आम्ही तो नुसता ‘इथं खंड पडला’ म्हणून वहीत नोंदवायचो आणि पुढच्या काळ्या थराकडे जायचो.

त्या मातीत झिरकॉन या टणक खनिजाचे बारीक कण सापडतात हे कळल्यावर चित्र पालटलं. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा बनत नाही. पण त्याच काळात कुठंतरी सिलिका जास्त असलेले स्फोटक उद्रेकही होत होते. त्यांची राख वाऱ्यानं येऊन या मातीवर पडली आणि तिच्याबरोबर झिरकॉनचे कण आले. काम कसं असतं ते ऐका. तांबडी माती पोत्यानं आणायची, पाण्यात भिजवून चिखल वाहू द्यायचा, उरलेली रेती जड द्रवात टाकून जड खनिजं वेगळी करायची, चुंबकानं लोहखनिजं काढायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक कण वेचायचा. झिरकॉनचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा; टोकदार, चमकदार, कडा शाबूत असलेला हवा. कडा गोलावलेल्या असतील तर तो नदीनं कुठूनतरी जुन्या खडकातून आणलेला समजायचा. दोन दिवस मान मोडून बसावं आणि पाच कण मिळावेत, असं अनेकदा होतं. कधी एकही मिळत नाही.

झिरकॉनचं मोठेपण असं की बनताना तो युरेनियम आत घेतो आणि शिसं बाहेर ठेवतो. आत सापडलेलं शिसं म्हणजे जवळजवळ सगळं किरणोत्साराचं. शिवाय घड्याळं दोन: युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. दोन्हींनी एकच वेळ सांगितली तर शंका उरत नाही. कणाचा खराब झालेला भाग आधी तापवून आणि आम्लात विरघळवून काढून टाकतात, मग उरलेला गाभा मोजतात. अरगॉनमध्ये एक-दोन लाख वर्षांची अनिश्चितता राहायची, ती इथं काही दशहजार वर्षांवर येते. शोएन आणि त्यांच्या गटानं २०१५ मध्ये या मार्गानं दाखवलं की मुख्य उद्रेक डायनोसॉर संपले त्या सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला.

तरी ‘अवलंबून आहे’ हे म्हणावंच लागतं. झिरकॉनचं वय हे राखेचं वय, लाव्ह्याचं नव्हे. खालचा लाव्हा त्याआधीचा आणि वरचा नंतरचा, एवढंच ठाम. आणि कण मातीत येण्याआधी मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, बराच काळ राहिलेला असू शकतो, म्हणून एका कणावर न जाता सगळ्यात तरुण कणांचा समूह धरतात. कुठले कण समूहात घ्यायचे, हा निर्णय शेवटी माणूसच घेतो. २०१९ मध्ये दोन गटांचे निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले: एका गटाची झिरकॉनवर भिस्त, दुसऱ्याची प्लॅजिओक्लेजच्या अरगॉनवर. सगळा प्रकार दहा लाख वर्षांच्या आत झाला यावर दोघांचं एकमत. पण पहिला गट म्हणतो उद्रेक चार जोरदार झटक्यांत झाला आणि पोलादपूरचा झटका मेक्सिकोतल्या चिक्शुलुबच्या अशनीआघाताच्या थोडा आधीचा. दुसरा म्हणतो प्रवाह बराचसा सलग होता आणि जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा. म्हणजे त्या घाटात ‘इथं डायनोसॉर संपले’ ही रेघ कुठल्या वळणावर मारायची यावर वाद शिल्लक आहे. मला स्वतःला झटक्यांचं गणित थोडं अति नेटकं वाटतं. तांबडे पट्टे सगळीकडे सारख्या अंतरावर नाहीत, आणि जिथं पट्टा नाही तिथं झिरकॉनही नाही. जिथं मोजताच आलं नाही त्या जागा आलेखात गुळगुळीत रेषेनं जोडलेल्या असतात.

हे आकडे मुख्यतः पश्चिम घाटाचे आहेत, हेही ध्यानात ठेवा. उत्तरेकडे राजस्थानातल्या काही अल्कधर्मी खडकांचं वय ६.८ कोटींच्या पुढे जातं, आणि मुंबई परिसरातले काही खडक घाटातल्या थरांपेक्षा तरुण आहेत. जाडीही सारखी नाही: कोयनेजवळच्या खोल छिद्रात बेसाल्ट सव्वा किलोमीटर लागला, किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात फक्त ३३८ मीटर. पुस्तकाची सगळी पानं सगळीकडे नाहीत. आणि पाचगणीच्या किंवा महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा नमुना म्हणून कधीच घेऊ नका; ती बेसाल्टची कुजून झालेली टोपी आहे, तिचं वय वेगळं आणि गोष्टही वेगळी.

राहिलं ज्वालामुखीचं तोंड. शंकूच्या आकाराचा डोंगर शोधत असाल तर तो मिळणार नाही, कारण बहुतांश लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. त्या भेगांमध्ये थिजून राहिलेला लाव्हा आज भिंतीसारखा उभा दिसतो. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून किलोमीटरच्या किलोमीटर सरळ जाणारे काळे कणे पाहिलेत का? ते डाइक. नाशिक-पुणे पट्ट्यात आणि कोकणातही ते आहेत. लाव्हा पाण्यासारखा उसळत आला नाही. वरची साल थिजायची, आतून प्रवाह चालू राहायचा, साल फुगायची, पुढं फुटायची. तसा चालत चालत तो फार लांब गेला. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या मुखाकडे, जो लाव्हा आहे तो इकडूनच पोचला असं बहुतेक जण मानतात.

आणि एवढं वितळलं कशानं? इथं बहुतेकांचा समज असतो की खालून कोणीतरी जाळ वाढवला. पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातला खडक मुळातच खूप गरम असतो. प्रचंड दाबामुळे तो घन राहतो. तो वर सरकला आणि दाब उतरला की जादा उष्णता न देताही वितळू लागतो. वर सरकायला कारण काय, यावर दोन पक्ष. पहिला म्हणतो खोलातून गरम खडकाचा स्तंभ वर आला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे, आणि भारत उत्तरेला सरकत गेला तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माग सोडलेली रांग उमटली. दुसरा म्हणतो भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून फाटत होते, नर्मदा-तापीच्या जुन्या भेगा होत्याच, कवच पातळ झालं आणि दाब उतरला. माझं मत विचाराल तर रांग इतकी सलग आहे की स्तंभ नाकारणं मला जमत नाही. पण डाइकांच्या दिशा पाहिल्या की लाव्ह्यानं बाहेर यायची जागा जुन्या भेगांनीच ठरवली हेही मानावं लागतं. सायबेरियातल्या सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्हाप्रदेशाबद्दलही हीच चर्चा चालू असते.

तर तुमच्या दगडाचं काय करायचं? एकट्या दगडाचं वय काढून घेण्यात अर्थ नाही. वाटेवर पडलेला तुकडा कुठल्या कड्यावरून घरंगळला हेच माहीत नसतं, आणि थर माहीत नसेल तर अचूक वय येऊनही ते कुठं लावायचं कळत नाही. तुम्हाला हवं असलेलं उत्तर त्याशिवायही देता येतं: हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, एक-दोन लाख वर्षांनी इकडेतिकडे. फोडून ताजी बाजू वर ठेवा, छान दिसेल. पुढच्या वेळी त्याच वाटेवर दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसला तर मोजमापासाठी शेजारी पाण्याची बाटली ठेवून फोटो काढा, मोबाइलवरून जागा आणि उंची टिपा, आणि इथंच टाका. माती आणू नका, ती आम्ही आणू.